काल चरत होती, आज पिसं फुलवून बसलीय: घरची कोंबडी अचानक आजारी पडली तर

सकाळी खुराड्याची फळी काढली की पहिली उडी तांबडीची. गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर एक दिवस बाकीच्या तेरा बाहेर आल्या, कणीवर तुटून पडल्या, आणि तांबडी आतच कोपऱ्यात उभी. पिसं फुललेली, मान अंगात ओढलेली, डोळे अर्धवट मिटलेले, शेपूट खाली. आदल्या संध्याकाळी हीच फणसाखालचा पाला उकरत होती.

असं वर्षातून दोन-तीनदा होतंच, आमच्या नाहीतर शेजाऱ्यांच्या खुराड्यात. आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य असतं, "काल तर चांगली होती हो, अचानक काय झालं?"

बहुतेक वेळा अचानक काही झालेलं नसतं. कोंबडी दुखणं लपवते. कळपात कोणी मलूल दिसली की बाकीच्या तिला टोचून हाकलतात, आणि घार-मुंगूसही नेमकी तिलाच हेरतात. म्हणून अंगात त्राण असेपर्यंत ती चारचौघींत उभी राहते, दाणा चोचीत उचलते आणि तिथेच टाकते. लांबून बघणाऱ्याला वाटतं, खातेय. आपल्या लक्षात येतं तोवर दोन-तीन दिवस गेलेले असतात. त्यामुळे लक्षात आल्यावरचा पहिला तास फार मोलाचा. त्या तासात औषध शोधत धावू नका. आधी एवढंच ठरवा की हे दुखणं तिच्या एकटीचं आहे की सगळ्या कळपाचं. पुढचं सगळं त्या उत्तरावर अवलंबून आहे.

आधी वेगळी, ऊबेत, पाण्याजवळ

उत्तर मिळेपर्यंत प्रत्येक आजारी कोंबडी साथीचीच आहे असं धरून तिला वेगळी करा. अंगणातच डालग्याखाली झाकली म्हणजे वेगळी झाली असं नाही. बाकीच्या त्याच डालग्याभोवती चरतात, तिची शीट उकरतात. पडवीत, न्हाणीघराच्या आडोशाला, जिथे दुसरी कोंबडी फिरकत नाही अशा जागी मोठं खोकं घ्या. तळाला गोणपाट, त्यावर जुनं कापड किंवा वर्तमानपत्र. तूस घालू नका, कारण शीट कशी पडते ते स्वच्छ दिसायला हवं.

पिसं फुलवून बसलेल्या कोंबडीला थंडी वाजत असते. निरोगी कोंबडीचं अंगच ४१ अंश सेल्सिअसच्या पुढे असतं, आणि खाणं सुटलं की ती ऊब टिकवता टिकवता ती गळून जाते. खोक्याच्या एका कोपऱ्यावर ४० वॅटचा जुना पिवळा बल्ब हातभर उंचीवर टांगा. एलईडी बल्ब नको, तो उजेड देतो पण ऊब देत नाही. वीज नसेल तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवा. ऊब एकाच बाजूला असू दे, नको वाटलं तर तिला सरकता यायला हवं. एप्रिल-मेच्या दुपारी मात्र हे काही करू नका. चोच उघडी, पंख अंगापासून सुटे धरलेले आणि जोरात धाप, असं दिसलं तर तिला उष्मा झालाय. तिला सावलीत, वाऱ्यावर न्या, पाय साध्या पाण्यात बुडवा. बर्फाचं पाणी अंगावर ओतू नका.

आता पाणी. इथे मी एकदा चुकलेय आणि ती चूक अजून सलते. आठ-नऊ वर्षांपूर्वी भुरी नावाची कोंबडी अशीच मलूल झाली. मी काढा केला, तिची चोच उघडली आणि चमच्याने आत ओतला. तिने दोनदा मान झटकली, घरघर केली आणि माझ्या मांडीवरच गेली. दुखण्याने नाही, काढा श्वासनलिकेत गेल्याने. कोंबडीची श्वासाची वाट जिभेच्या अगदी मागेच उघडी असते. चोच वासून बघा, जिभेमागे उघडझाप करणारी बारीक फट दिसेल, तीच ती. म्हणून घशात कधीच काही ओतू नका. बोट पाण्यात बुडवून चोचीच्या कडेला लावा, किंवा सुई काढलेल्या सिरिंजने बाजूने एकेक थेंब सोडा. ती जीभ हलवून गिळते. गिळली की मग पुढचा थेंब. पहिल्या दिवशी कोमट गूळपाणी चालतं. ओआरएसची पुडी वापरणार असाल तर पाकिटावर लिहिलंय त्याच्या दुप्पट पाण्यात कालवा. दुसऱ्या दिवसापासून साधं पाणी.

आता हाताने तपासा

पंख अंगाशी दाबून, तिची पाठ आपल्या पोटाशी येईल अशी कुशीत घ्या आणि सावकाश हात फिरवा. निरोगी कोंबडीला असं चार-पाच वेळा आधीच तपासलेलं असेल तर उत्तम, कारण बोटांना फरक कळतो.

पहिलं, छातीचं मधलं हाड. त्याच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेलं असेल तर दुखणं नवं. हाड सुरीच्या पाठीसारखं टोचत असेल तर ती कित्येक दिवसांपासून झिजत आलीय, जंत असतील, आतलं जुनं दुखणं असेल. "अचानक"चा खरा हिशेब हे हाड सांगतं.

दुसरं, गळ्याखालची उजवीकडे येणारी पिशवी. टिपलेले दाणे आधी तिथे साठतात. संध्याकाळी ती भरलेली असते आणि सकाळी उठल्यावर रिकामी असायला हवी. म्हणूनच पहाटे, दाणे टाकण्याआधी ती चाचपली की सगळ्यात खरं कळतं. सकाळी तिथे कणकेच्या गोळ्यासारखं घट्ट लागलं तर वाट तुंबलीय. आमच्याकडे बहुतेकदा नारळाच्या सोडणाचा काथ्या निघतो, नाहीतर सुतळी, लांब सुकं गवत. दाणे बंद करा, पाणी चालू ठेवा. वर सांगितलं तसं थेंबाथेंबाने अर्धा चमचा खोबरेल पोटात जाऊ द्या आणि पिशवी बोटांच्या टोकांनी पाच मिनिटं अलगद चोळा, दिवसातून तीन-चार वेळा. गोळा मऊ होत खाली सरकला तर जिंकलात. दुसऱ्या सकाळीही तसाच असेल तर डॉक्टरांकडेच न्या, तो कापून काढावा लागतो.

पिशवी घट्ट नाही, पण पाणी भरलेल्या फुग्यासारखी डुचमळते आणि तोंडाला आंबूस वास येतो, तर आतलं अन्न आंबलंय. गावात अशा कोंबडीला उलटी धरून ओकवतात. कृपा करून ते करू नका. ओकारीचं पाणी त्याच श्वासाच्या फटीत जातं, आणि भुरीचं झालं तेच होतं. दाणे बंद ठेवून पशुवैद्यांना विचारा, तिथे बुरशीवरचं औषध लागतं.

तिसरं, पोट आणि मागची बाजू. तांबडीचं दुखणं इथेच निघालं. छातीचं हाड भरलेलं होतं, पिशवी रिकामी होती, पण शेपटीखाली दोन बोटांवर काहीतरी टणक, गोल लागलं. आणि मघापासून ती कण्हत शेपूट खालीवर करत होती, उभी राहताना अंग सरळ ताठ करत होती. अंडं अडकलं होतं.

अशा वेळी टबात कोमट पाणी घ्या, आपलं कोपर बुडवल्यावर सुखाचं वाटेल इतपत. तिला पोटापर्यंत पाण्यात बसवा आणि वीस मिनिटं धरून ठेवा. पहिली दोन मिनिटं धडपडते, मग डोळे मिटून शांत बसते. बाहेर काढून टॉवेलने कोरडी करा, अंडं येण्याच्या वाटेवर खोबरेल लावा आणि अंधाऱ्या उबदार खोक्यात एकटी सोडा. दर तासाला जाऊन दाबून बघायचा मोह आवरा. अंडं आत फुटलं तर कवचाच्या कपच्या लागतात आणि मग वाचवणं अवघड. तांबडीला मी दोनदा पाण्यात बसवली. दुपारी दीडच्या सुमाराला खोक्यात एक अंडं सापडलं, कवच असं नव्हतंच, नुसत्या पापुद्र्यातलं, हाताला लिबलिबीत. चोवीस तासांत अंडं आलं नाही तर मात्र घरी थांबू नका.

ते लिबलिबीत अंडंच कारण सांगून गेलं. एका अंड्याच्या कवचाला साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम लागतं, आणि आमच्या कोंबड्या नुसत्या कणी-भातावर होत्या. अंडं पुढे ढकलायला स्नायूंनाही तेच लागतं. ते कमी पडलं की दुखणं पुन्हा पुन्हा येतं. आता तिसऱ्यांच्या, म्हणजे आपण कालवणाला आणतो त्या जिवंत शिंपल्यांच्या, रिकाम्या शिंपल्या धुऊन, वाळवून, जाडसर कुटून वेगळ्या करवंटीत ठेवते. ज्या अंडी घालतात त्या आपल्या आपण टिपतात. दाण्यात मिसळू नका, पिलांना एवढं कॅल्शियम सोसत नाही.

चौथं, पिसांखाली. शेपटीच्या बुडाशी पिसांच्या मुळांना लिखांचे झुबके, किंवा तुरा पांढुरका पडलेला दिसला, तर रक्त पिणारं काहीतरी आहे. कोंबडीची गोचीड दिवसा अंगावर सापडत नाही, ती खुराड्याच्या फटीत लपते आणि रात्री बाहेर येते. रात्री बॅटरी घेऊन दांडीच्या सांध्यात बघा. खुराडं रिकामं करून फटी चुन्याने लिंपा आणि कोंबड्यांना चुलीची राख घातलेला कोरड्या मातीचा खड्डा करून द्या. त्यात लोळण हेच त्यांचं न्हाणं.

शीट बघायला लाजू नका

तपकिरी गोळा आणि त्यावर पांढरी टोपी, ही चांगली शीट. आठ-दहा वेळांमागे एकदा काळपट, चिकट, घाणेरड्या वासाची पडते, तीही चांगलीच. तिला हगवण समजून लोक उगाच गोळ्या देतात. नुसतं हिरवं पाणी दिसलं तर दोन शक्यता. एक तर तिच्या पोटात काही नाही आणि नुसतं पित्त उतरतंय, नाहीतर मानमोडी, म्हणजे राणीखेत हा कळपात पसरणारा रोग, त्याबद्दल पुढे सांगते. पिलांच्या शीटेत रक्त दिसलं, विशेषतः तीन ते आठ आठवड्यांच्या, आणि दिवस पावसाचे असले, तर ती रक्ती हगवण. ओल्या तुसात तिचे जंतू माजतात. त्यावर पाण्यातून द्यायचं औषध आहे आणि वेळेत दिलं तर गुण येतो, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. औषध चालू असताना ओला तूस खरवडून काढून कोरडा घातला नाही तर पंधरा दिवसांनी पुन्हा तेच.

एक गोष्ट घाबरलेल्यांसाठी. कोंबडी खोपच्यात चपटी होऊन बसलीय, दाण्याला येत नाही, जवळ गेलं की अंग फुगवून गुरगुरते, छातीची पिसं उपटलीयत, दिवसातून एकदाच उठून भली मोठी शीट टाकते. ती आजारी नाही, खुडूक बसलीय, म्हणजे अंडी उबवायला बसलीय. अंडी असतील तर एकवीस दिवस बसू द्या.

कळपाचं दुखणं असेल तर

एकीनंतर दुसरी, मग तिसरी, आणि तेही दोन-चार दिवसांत. हिरवट-पांढरी पातळ हगवण, चोच वासून घरघर, पंख लोंबलेले, मान पिळवटून मागे किंवा बाजूला वळलेली. ही राणीखेत, आपली मानमोडी. रोगाला नाव उत्तराखंडातल्या राणीखेत गावावरून पडलं. एकदा झाल्यावर यावर औषध नाही. हळद, लसूण, हिंग, कडुलिंब, सगळं करून पाहिलेली माणसं आमच्याच वाडीत आहेत. आमच्या सासूबाई सांगतात, त्यांच्या तरुणपणी उन्हाळ्यात मर यायची आणि आठवड्यात खुराडं रिकामं व्हायचं. लस न दिलेल्या कळपात अजूनही तेच होतं. मान पिळवटलेली नाही, नुसती फडक्यासारखी लुळी पडलीय, तर मात्र विषबाधेची शंका घ्या. मेलेल्या जनावरावरचे किडे, बुरशी आलेला मका किंवा पेंड, उंदरांचं औषध, फवारणी केलेला भाजीपाला यातलं काही चोचीला लागलंय का ते शोधा.

आणि तुरा जांभळा-निळा, तोंड सुजलेलं, लक्षणं दिसण्याआधीच पटापट मर, किंवा आजूबाजूला कावळे मरून पडलेले, असं असेल तर कोंबडीला हात लावू नका. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू निघाला, तो देशातला पहिला. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंबा गावात पुन्हा. तो माणसालाही होऊ शकतो. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर लगेच कळवा. आपल्या कोंबड्या नेतील या भीतीने लोक लपवतात, मला ती भीती समजते. पण लपवलेली मर वहाळाच्या पाण्याबरोबर पुढच्या वाडीत जाते.

मेलेली कोंबडी वहाळात, गटारात किंवा उकिरड्यावर टाकू नका. कमरेएवढा खड्डा, वर चुना, मग माती. डॉक्टरांना शवविच्छेदन करायचं असेल तर पिशवीत घालून बर्फावर ठेवून न्या, गोठवू नका. एका मेलेल्या कोंबडीतून निदान झालं तर बाकीच्या वाचतात.

आता ज्यावर घराघरात वाद होतो ते. "मरायच्या आधी सुरी लावा, फुकट कशाला घालवायची?" मी हे प्रेमाने पण ठाम सांगते, आजारी कोंबडी कापू नका, विकू नका, कोणाला देऊ नका. धोका शिजवलेल्या सागोतीत कमी असतो, तो कापताना आणि पिसं काढताना असतो. रक्त हाताला लागतं, पिसं-आतडी परसात पडतात, बाकीच्या कोंबड्या तीच उकरतात. तिला आधी औषध दिलेलं असेल तर ते आपल्या पोटात येतं ते वेगळंच. अंड्यांचंही तसंच. कोणतंही औषध दिलं की अंडी किती दिवस खायची नाहीत हे डॉक्टरांना विचारून घ्या. आणि घरातली ताप-सर्दीची गोळी चतकोर करून कोंबडीला देऊ नका. अर्धवट उरलेलं अँटिबायोटिकही नाही.

डॉक्टरांना फोन करताना वय, जात, किती आजारी, किती मेल्या, लस कधी दिली, शेवटचं अंडं कधी आणि शीटेचा रंग, एवढं तयार ठेवा. मी मोबाइलवर शीटेचा आणि मानेचा फोटो काढून ठेवते. फोनवर अर्धं निदान त्यावरच होतं.

पुन्हा पुन्हा का होतं

आमच्याकडे तीन वेळा रोग आला आणि तिन्ही वेळा बाहेरून आणलेल्या पक्ष्याबरोबर आला. एकदा आठवडा बाजारातून घेतलेल्या दोन तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या. एकदा राखणीसाठी, म्हणजे देवाला द्यायला, आणलेला कोंबडा, जो दोन दिवस आमच्याच खुराड्यात बांधला होता. एकदा माहेरून भेट आलेली पिलं. आता नवा पक्षी आला की तीन आठवडे घराच्या दुसऱ्या बाजूला. दाणापाणी आधी जुन्यांना, मग नव्यांना, सगळ्यात शेवटी आजारीला, आणि परत येताना हातपाय धुऊन.

आणि मानमोडीची लस. लोक म्हणतात, चौदा कोंबड्यांना कोण लस देतं, बाटली शंभर डोसांची येते. खरं आहे. म्हणून आम्ही वाडीतली सात घरं मिळून आणतो. पिलांना लासोटा ही पहिली लस पाचव्या ते सातव्या दिवशी, डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब. आर-टू-बी ही दुसरी लस सहा ते आठ आठवड्यांची झाल्यावर, पंखाखाली टोचून. पुढची फेरी कधी ते दवाखान्यात विचारून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितो. बाटली थर्मासमध्ये बर्फात आणायची, एकदा पाण्यात विरघळवली की दोन तासांच्या आत संपवायची. म्हणून आधी सगळ्या घरांतल्या कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात कोंडून घेतो आणि मगच बाटली फोडतो. लस फक्त निरोगी पक्ष्यांना. साथ घरात शिरल्यावर टोचून उपयोग नाही. हाताला लागलेली लस आपल्या डोळ्याला लागली तर डोळे येतात, तेव्हा मध्येच डोळे चोळू नका.

तांबडी तीन दिवस खोक्यात होती. पहिल्या दिवशी गूळपाणी, दुसऱ्या दिवशी पेज आणि उकडलेल्या अंड्याचा बलक, तिसऱ्या दिवशी खोक्याबाहेर मान काढून ओरडायला लागली. तरी दिवसाढवळ्या कळपात सोडली नाही. तीन दिवस दूर राहिलेलीला बाकीच्या परकी समजून टोचतात. अंधार पडल्यावर, सगळ्या पेंगत असताना, तिला हळूच दांडीवर तिच्या जागी नेऊन बसवली. सकाळी फळी काढली तर चौदाच्या चौदा एकदम बाहेर आल्या, आणि शिंपल्यांच्या करवंटीकडे पहिली तीच गेली.